मोज्यातला टिन कटर

मित्रांनो, मी एक जुना टिन कटर आहे. सीलबंद डबे फोडायचा, लाकडी मुठीचा, पुढे पोलादी चोच असलेला. तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद असेल. पण तो चमच्यांच्या शेजारी, उजळ माथ्यानं पडला असेल. मी मात्र उभी नऊ वर्षं एका मोज्यात काढली. तोही डाव्या पायाचा. उजव्याचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. त्या दिवशी आम्ही चार हजार भावंडं जन्मलो, त्यामुळे लाड कुणाचेच झाले नाहीत. एका यंत्रानं पत्रा चावला, दुसऱ्यानं चोच वाकवली, तिसऱ्यानं मूठ ठोकली आणि चौथ्यानं मला पुठ्ठ्यावर तारेनं आवळून टाकलं. तिथून मी आलो हार्डवेअरच्या दुकानात. तिथे एका खिळ्यावर मी, शेजारच्या खिळ्यावर उंदराचा सापळा. सापळा म्हातारा होता, बोलका होता. म्हणायचा, "तुझं बरं आहे बाबा. तू उघडतोस. माझा सगळा जन्म बंद करण्यात चाललाय." मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. आपण उघडणारे! आपल्याला कोण बंद करणार?

मग एके दिवशी आक्का आली.

पन्नाशीची, ठेंगणी, पदराला पिठाचे हात पुसलेली. तिनं आधी रस्त्याकडे बघितलं, मग दुकानात बघितलं, मग दुकानदाराच्या कानाशी जाऊन म्हणाली, "टिन कटर आहे का? आवाज न करणारा."

दुकानदारानं मला काढून दिलं. "पिशवीत देऊ?"

"पिशवीत नको. कागदात गुंडाळा. कागदावर दुकानाचं नाव नको."

"अहो बाई, टिन कटर आहे हा. पिस्तूल नाही."

"तुम्हाला नाही कळायचं," आक्का म्हणाली. "आमच्याकडे पिस्तूल चाललं असतं."

मित्रांनो, ती काही खोटं बोलत नव्हती. आक्काच्या धाकट्या भावाची खानावळ होती, आणि दारावर हातभर अक्षरात पाटी होती: 'इथे सगळं इथेच बनतं.' भावाचं खरं नाव गावात कुणालाच आठवत नव्हतं. सगळे त्यांना स्वतःराव म्हणायचे. कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'स्वतः' या शब्दापासून सुरू व्हायचं. स्वतः दळलंय. स्वतः घुसळलंय. स्वतः वाळवलंय. पीठ घरचं, लोणी घरचं, पाव घरचा, साबण घरचा, मेणबत्त्या घरच्या. इथवर ठीक होतं. पण माणसाला एकदा हुरूप आला की तो कुठे थांबतो? टेबलं घरची झाली. ती तीन पायांवर उभी राहायची आणि चौथ्याची वाट बघायची. चमचे घरच्या लाकडाचे झाले. त्यांची कुसळं जिभेत जायची, म्हणून प्रत्येक टेबलावर एक चिमटा ठेवला. चिमटाही घरचा, त्यामुळे कुसळं जिभेतच राहायची. सुऱ्या स्वतःराव मागच्या छोट्या भट्टीत स्वतः ठोकायचे. त्या सुऱ्यांनी लोणी कापता यायचं, थोडा वेळ उन्हात ठेवलं तर.

ऑर्डर दिली की सगळं तिथून सुरू. पाव मागितला तर आधी पीठ मळायला घ्यायचे. नवं गिऱ्हाईक तासाभरानं घड्याळ बघायचं, दोन तासांनी शेजारच्या टेबलाकडे बघायचं. जुनी गिऱ्हाइकं घरून जेवून यायची. एवढं करून लोक यायचे का? यायचे. कारण तिथे जेवलं हे सांगण्यात जी मजा होती ती जेवण्यात नव्हती. आणि दुसरं कारण म्हणजे टोमॅटोचं सूप.

त्या सुपाची गोष्ट अशी. खानावळ उघडायच्या आधी स्वतःरावांनी तीन धंदे करून बुडवले होते. तिसरा बुडाला तेव्हा ते आठ दिवस भिंतीकडे तोंड करून झोपले होते. आक्कानं त्यांना चमच्यानं भरवून उठवलं होतं. म्हणून ही खानावळ. सुपासाठी त्यांनी गच्चीवर स्वतः टोमॅटो लावले. माती स्वतः चाळली. प्रत्येक रोपाशी गप्पा मारल्या. आणि पहिल्या हंगामात टोमॅटो आले सात.

सात किलो नाही. सात.

स्वतःराव ते ओंजळीत घेऊन खाली आले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "आक्का, आले! आजपासून सूप!" बाहेर बावीस माणसं बसलेली. आक्कानं त्या सातांकडे बघितलं, भावाच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिला ती भिंत आठवली. ती म्हणाली, "हो रे. भरपूर आहेत." मग पाठीमागच्या गल्लीतून जाऊन तिनं सोललेल्या टोमॅटोचे डबे आणले, आणि त्याच फेरीत मला.

असा मी त्या घरात आलो, मित्रांनो, आणि मोज्यात गेलो.

स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधे एक कपाट होतं, स्वतःरावांनी ओल्या लाकडाचं बनवलेलं. त्याच्या खालच्या खणात, जुन्या झाडणांच्या मागे, मोज्यात मी. खणाच्या फळीतली एक गाठ गळून पडली होती. मोज्यालाही अंगठ्याशी भोक होतं. ही दोन भोकं समोरासमोर आली की मला जेवणाची खोली दिसायची. नाही आली की अंधार. माझ्या जगण्यातला सगळा उजेड एका अंगठ्याच्या भोकावर होता.

रोज सकाळी स्वतःराव रोपांना पाणी घालायला गच्चीवर गेले की आक्का यायची. खण सरळ उघडायचा नाही. डावीकडून उचलायचा, खालून गुडघा मारायचा, मग ओढायचा. "चल रे चोच्या," ती म्हणायची, "कामाला लाग." मी डब्यात चोच रुतवायचो. ती खलबत्त्यात काहीतरी उगाच कुटत राहायची, म्हणजे माझा आवाज वर जायचा नाही. कधी कधी खलात काही नसायचंच. सहा डबे झाले की ती मला पुसायची, चांगलं कोरडं करून पुसायची हं, आणि परत मोज्यात. त्या दहा मिनिटांवर मी चोवीस तास काढायचो.

आणि मग दुपारी खोलीतून आवाज यायचे. "वा! याला म्हणतात हाताची चव!" "डब्यातल्या सुपाला ही सर येईल का?" "जीभ लगेच ओळखते हो, ताजं ते ताजं." एक गृहस्थ तर डोळे मिटून म्हणायचे, "यात मला गच्चीवरचं ऊन लागतं." मित्रांनो, तुमचं कुणी कौतुक करतंय, भरभरून करतंय, आणि त्याच वाक्यात तुम्हाला शिव्या देतंय, असं कधी झालंय? माझं रोज व्हायचं. नऊ वर्षं.

रिकाम्या डब्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. कचऱ्यात टाकले तर बोभाटा. आक्का ते ठोकून सपाट करायची आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे कोंबायची. स्वतःरावांना एक दिवस ते सापडलेच. पण मोठ्या माणसांना आपल्या घराचा संशय येत नाही, शेजाऱ्याचा येतो. शेजारी होता शिंपी. भिंतीला भिंत, गच्चीला गच्ची.

"टिनचं खातोस ते खातोस," स्वतःराव कठड्यावरून ओरडले, "वर टिन माझ्या गच्चीवर टाकतोस?"

"मी?" शिंपी दोरा दातात धरून म्हणाला. "अहो, मला टोमॅटोनं अंगावर पित्त उठतं!"

"मग लपून खात असशील!"

नऊ वर्षं दोघं बोलत नव्हते. म्हणजे भांडण्यापुरतं बोलत होते. तरी शिंपी रोज दुपारी जेवायला मात्र इथेच यायचा. भांडायला त्याला दुसरं ठिकाण नव्हतं.

मग ती बातमी आली. अस्सल खाणं जपणाऱ्या कुठल्याशा मंडळाच्या परीक्षक बाई तपासणीला येणार होत्या. सगळं खरंच इथेच बनतं असं त्यांना पटलं तर खानावळीला पितळी पाटी मिळणार होती. स्वतःराव पाच दिवस झोपले नाहीत. त्यांनी भिंती स्वतः रंगवल्या, खिडक्याही रंगवल्या, बंद करून रंगवल्या, त्यामुळे त्या भिंतीच झाल्या. आणि दाराला त्यांनी नवं कुलूप केलं. स्वतः.

आता दाराबद्दल एक सांगतो. ते दार ही स्वतःरावांच्या हातून जन्मात चांगली झालेली एकमेव वस्तू. चार बोटं जाड लाकूड. हत्ती आला तरी बाहेर ताटकळला असता. मागे दुसरं दार होतं, पण तिथे आता पावाची भट्टी होती, आणि गच्चीचा जिना बाहेरून होता. तर या दाराला आतून त्यांनी एक लाकडी अडसर बसवला, त्याला आत स्प्रिंग, ओढायला कळ, आणि वरून पत्र्याची पेटी ठोकली. चाळीस खिळे मारले. पत्रा कुठला? टाकीमागचा. "शिंप्याचा कचरा," ते म्हणाले, "तोही मी सत्कारणी लावला." टोमॅटोचं चित्र आतल्या बाजूला गेलं.

हे सगळं बघून आक्काच्या हातातलं भांडं निसटलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी तिनं सुपाचं काम उरकलं, मला पुसलं, मोज्यात घातलं. तासाभरानं स्वतःराव घरी बनवलेलं व्हार्निश घेऊन आले आणि त्यांनी कपाटाला हात मारला. खणाच्या फटीतून तो चिकट पदार्थ आत झिरपला. वाळला. आणि खण कपाटाला असा चिकटला की आता तो खण राहिला नाही. माझ्या लक्षात आलं, आक्काचा गुडघासुद्धा आता पुरायचा नाही. भोकं मात्र समोरासमोर होती. तेवढं एक बरं झालं.

दुपारी परीक्षक बाई आल्या. उंच, चष्मा, हातात कागदांची यादी. दार त्यांच्या मागे बंद झालं आणि आतून 'खट्' असा आवाज आला. फार समाधानाचा आवाज होता तो. स्वतःराव म्हणाले, "ऐकलंत? स्वतः बनवलंय."

यादी सुरू झाली. "पीठ?" "स्वतः." "लोणी?" "स्वतः." "मीठ?"

स्वतःराव जरा अडले. "मीठ निसर्ग बनवतो. मी फक्त विकत घेतो."

बाईंनी सूप चाखलं. दुसऱ्यांदा चाखलं. म्हणाल्या, "हे मात्र अप्रतिम आहे." आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती, ती चुलीकडे वळली.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरचा तरुण उठला. नवे कपडे, खिशाला फूल. साडेचार वाजता त्याची रजिस्टर ऑफिसात लग्नाची वेळ होती. "काका, मी निघतो. सूपच घेणार होतो फक्त." त्यानं दाराची कळ ओढली. कळ त्याच्या हातात आली. नुसती कळ. दार जिथल्या तिथे.

"हळू!" स्वतःराव धावले. "त्याला एक पद्धत आहे." त्यांनी पद्धत केली. मग दुसरी पद्धत केली. मग दाराला खांदा दिला. चार बोटं जाड लाकूड स्वतःरावांना ओळखत नव्हतं.

"सुरी द्या, पत्रा उचकटू," शिंपी म्हणाला. सुरी दिली. सुरीनं पत्र्यापुढे नमस्कार घातला आणि तशीच वाकून राहिली. हातोडी आणली. पहिल्याच घावाला तिचं डोकं दांड्यातून निसटून सुपाच्या पातेल्यात गेलं. खिडक्यांकडे धावले तर खिडक्या भिंती झालेल्या. नवरदेवानं फोन काढला, कुणाला तरी कसंबसं काही सांगितलं, आणि खाली बसून खिशातलं फूल कुरतडायला लागला.

मी भोकातून बघत होतो, मित्रांनो. आत पंधरा माणसं अडकलेली, कपाटात मी अडकलेलो. एरवी मला वाटलं असतं, चला, सोबत झाली.

स्वतःराव मात्र खचले नव्हते. "घाबरू नका. मी आत्ता एक पाना बनवतो. स्वतः. दीड तास लागेल." आणि त्यांनी सुऱ्यांची भट्टी पेटवली. धुरांडं त्यांनीच बांधलेलं होतं, त्यामुळे धूर वर न जाता खोलीत आला आणि टेबलाटेबलांवर फिरायला लागला. माणसं खोकायला लागली. डोळे मिटून ऊन चाखणारे गृहस्थ आता खरोखर डोळे मिटून बसले. आक्कानं भट्टीवर पाण्याची बादली ओतली. धूर दुप्पट झाला.

एवढ्यात दारावर बाहेरून थाप पडली. एका मुलीचा आवाज आला. "एवढंच सांग, दार उघडत नाहीये, की तू उघडत नाहीयेस?"

"अगं, शपथेवर सांगतो!" नवरदेव दाराला बिलगला. "कुलूप अडकलंय!"

"आजच?"

"मी काय मुद्दाम अडकवलंय?"

"तुझा काही नेम नाही. किल्लीवाल्याला घेऊन आलेय. पाचला ऑफिस बंद होतं. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची आहे, आणि तेव्हा मी नसेन. बघ काय ते."

मग जाडसर आवाज आला, तो किल्लीवाल्याचा. त्यानं फटीतून विजेरी मारली, आणि डोळा लावला. मग म्हणाला, "हे कुणी केलंय?"

"मी," स्वतःराव खोकत म्हणाले. "स्वतः."

"वाटलंच. अहो, हे कुलूप नाही, हा डबा आहे. बाहेरून मला काही करता येत नाही. आतून पत्रा कापा, अडसर वर उचला, झालं. साधा टिन कटर घ्या. एका मिनिटाचं काम."

सगळ्यांनी स्वतःरावांकडे बघितलं. धूरसुद्धा जरा थांबल्यासारखा वाटला.

स्वतःराव ताठ झाले. पितळी पाटी त्यांच्या डोळ्यांपुढे होती, आणि परीक्षक बाई त्यांच्या शेजारी. ते मोठ्यांदा म्हणाले, "या घरात टिन कटर नाही! नऊ वर्षांत या घरात टिन आलेला नाही!"

मित्रांनो, माझ्या भोकातून मला फक्त आक्काचे पाय दिसत होते. पाय कपाटाकडे आले. थांबले. परत फिरले. चार पावलं गेले. नवरदेव खोकत होता. शिंप्याला धाप लागली होती. मला ठाऊक होतं तिच्या डोळ्यांपुढे काय आहे. ती भिंत. तिच्याकडे तोंड केलेला भाऊ. मी मोज्यात म्हणत होतो, नको आक्का, राहू दे, मी आहे तिथे बरा आहे. आणि तेव्हाच म्हणत होतो, ये ना गं, काढ ना मला बाहेर. दोन्ही खरं होतं.

पाय परत आले. खण डावीकडून उचलला गेला. गुडघा बसला. खण हलला नाही. दुसरा गुडघा. नाही.

"काय करतेस, आक्का?" स्वतःरावांनी विचारलं.

"ओढू लागा रे कुणीतरी," आक्का म्हणाली.

परीक्षक बाईंनी यादी दातात धरली आणि आक्काच्या कमरेला धरून ओढलं. त्यांच्या मागे नवरदेव. त्याच्या मागे शिंपी. "एक, दोन..." तीन म्हणायच्या आत खण सुटला, चौघं एकमेकांवर कोसळली, झाडणं उडाली, मोजा उडाला, आणि मी नऊ वर्षांनी पहिल्यांदा भर दुपारी, भर खोलीत, सगळ्यांच्या देखत जमिनीवर खणकन पडलो.

टिन कटर. वापरून गुळगुळीत झालेली मूठ. लखलखीत पुसलेली चोच. मी काय आहे आणि किती दिवसांचा आहे, हे कुणाला समजावून सांगायची गरजच नव्हती.

आक्कानं मला उचललं. ती कुणाकडे बघत नव्हती. दाराशी गेली, पत्र्यात चोच रुतवली आणि सराईतपणे फिरवायला लागली. किती सराईतपणे, ते सगळ्यांनी बघितलं. आज बत्ता कुटत नव्हता. माझा आवाज मी पहिल्यांदाच पुरता ऐकला. बरा होता. एका मिनिटात पेटीचं तोंड उघडलं, पत्रा वळला, आणि आतून लाल टोमॅटोचं चित्र खोलीकडे बघून हसलं.

"तो डबा माझा नाही!" शिंपी ओरडला. त्याचा आवाज फाटला. "नऊ वर्षं! माझा नाही! मला पित्त उठतं!"

आक्कानं अडसर उचलला. दार उघडलं. उजेड आत आला, धूर बाहेर गेला, आणि धुराबरोबर नवरदेवही. मुलीनं त्याच्या तोंडावरची काजळी बोटानं पुसली, बोटाकडे बघितलं, आणि त्याला ओढत घेऊन गेली. वेळेत पोचले म्हणे.

आत कुणी हललं नव्हतं. स्वतःराव खुर्चीवर बसले. खुर्ची घरची होती, ती एका बाजूला कलली, तेही कलले, आणि तसेच बसून राहिले.

"आक्का. कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि माझे टोमॅटो?"

"ते पण घालत होते रे," आक्का म्हणाली. "वरून. प्रत्येक वाटीत एकेक चकती. कधी तुझा टोमॅटो वाया नाही घालवला मी."

स्वतःरावांनी समोरच्या वाटीकडे बघितलं. सूप गार झालं होतं. त्यावर तरंगत होती एक चकती, पातळ, कागदासारखी, आरपार दिसणारी. त्यांनी ती चमच्यानं उचलून उजेडात धरली. आक्का मला मुठीत इतकं घट्ट धरून उभी होती की मला वाटलं आता माझी मूठ निखळणार.

मग स्वतःरावांच्या तोंडून कसलासा आवाज आला. आधी मला वाटलं रडताहेत. पण ते हसत होते. खुर्चीवरून घसरत घसरत हसत होते. "एका टोमॅटोच्या किती केल्यास गं चकत्या?"

"चाळीस. तुझ्या सुरीनं होत नव्हत्या. शिंप्याकडून ब्लेड आणलं."

"माझं ब्लेड!" शिंपी म्हणाला. आणि त्यालाही हसू आलं.

पितळी पाटी अर्थातच मिळाली नाही. परीक्षक बाईंनी यादीवर काट मारली, सूप संपवलं, आणखी एक वाटी मागितली. जाताना म्हणाल्या, "सगळं स्वतः करा. कुलूप सोडून."

त्या दिवसानंतर स्वतःरावांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. त्यांनी दारावरच्या पाटीखाली एक ओळ वाढवली: 'सूप सोडून'. गर्दी वाढली. जे लोक म्हणायचे डब्यातल्याला सर नाही, तेच आता म्हणतात, "डबा निवडायलासुद्धा नजर लागते हो."

आता तुम्ही म्हणाल, चला, चोच्याची सुटका झाली. थांबा.

स्वतःरावांना माझं फार कौतुक वाटायला लागलं. ते म्हणाले, "यानं पंधरा जीव वाचवले. याला मानानं ठेवायचं." आणि त्यांनी माझ्यासाठी काचेची पेटी बनवली. बनवली कुणी ते सांगायला नकोच. चारी बाजूंनी आणि वरूनही काच, कोपऱ्यांना तेच व्हार्निश, आणि उघडायला दार ठेवायचं ते विसरले. मला आत ठेवून मगच त्यांच्या लक्षात आलं की ही उघडायची कशी. म्हणाले, "कशाला उघडायची?" आता मी भिंतीवर आहे, अगदी मधोमध, जेवणाऱ्यांच्या समोर. सगळी खोली दिसते. भोकाची गरज नाही. लोक येतात, बोट दाखवतात, मुलांना उचलून दाखवतात. मूठ कोरडी पडलीये. चोचीच्या कडेला तांबूस ठिपका आलाय. तो पुसायला आक्काचा हात आत येत नाही. ती रोज सकाळी बाहेरून काच पुसते, तेवढंच.

डबे कशानं फोडतात? स्वतःरावांनी नवा टिन कटर बनवलाय. हो, स्वतः. एक डबा फोडायला वीस मिनिटं लागतात आणि वर बोटाला चिंधी.

मित्रांनो, म्हणून एक विनंती आहे. तुमच्या घरी जे काही जुनं आणि कामाचं असेल, ते लपवू नका, आणि मखरातही बसवू नका. त्याला रोज हातात घ्या, काम द्या, आणि काम झालं की कोरडं करून पुसा. आम्हाला एवढंच पुरतं.

परवा सकाळी स्वतःराव गच्चीवर गेले तेव्हा आक्का बाहेरून आली. हातात कागदाची गुंडाळी, त्यावर दुकानाचं नाव नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बत्त्याचा आवाज सुरू झाला. मला दारातून दिसलं, खलात काहीच नव्हतं. थोड्या वेळानं ती परत आली, खाली वाकून खण डावीकडून उचलला, गुडघा मारला, आणि काहीतरी आत ठेवलं.

ती गेल्यावर मी खणाच्या भोकाकडे बघत राहिलो. आत अंधार होता. मग मोजा जरा सरकला असावा, कारण भोकात एक नवी कोरी चोच चमकली. घाबरलेली दिसत होती.

मी काचेतून ओरडलो, "अरे, अंगठ्याकडे सरक! तिथून दिसतं!"

त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.